पांढरं कोणाचं?

५ जुलै २०२५, शनिवार. आमगाव

आज दुकानात गुरुजींनी काढलेलं चित्र आलं. जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापिका मॅडमनी ते दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून, वरून प्लास्टिक गुंडाळून, भर पावसात आणलं. पंधरा इंच बाय अकरा इंच आडवा कागद, काळी शाई, निबची रेघ. धानाच्या बांधीत उभी सारसांची जोडी. नराची मान मागे कललेली, चोच आभाळाकडे, पंख पाठीवर थोडे उचललेले. शेजारी मादी, थोडी बुटकी. मागे मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ आणि पाळीवर सिंदीची दोन झाडं. पायाशी पाणी आहे, ते चार-सहा तुटक रेघांत. आभाळाला गुरुजींनी निब लावलेलाच नाही. कागद कोरा सोडलाय, तरी भरून आल्यासारखं वाटतं.

मॅडमना यातून दीड मिनिटाचा हलता व्हिडिओ हवाय. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात वन्यजीव सप्ताह असतो, तेव्हा शाळेच्या टीव्हीवर मुलांना आणि पालकांना दाखवायचा. पालक म्हणजे धानवाले. सारस घरटं बांधतो ते त्यांच्याच बांधीत, त्यामुळे खरे प्रेक्षक तेच. "सॉफ्टवेअर कोणतं लागते ते तुम्हीच पाहा," असं सांगून त्या गेल्या.

माझं दुकान लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं. माझ्या कॉम्प्युटरवर जे आहे ते वधूवरांची नावं कमानीत बसवायला उत्तम. त्यावर सारसाची मान वळणार नाही, एवढं मला आजच कळतं.

६ जुलै, रविवार. आषाढी एकादशी

दुकान बंद, म्हणून स्कॅनर दिवसभर मोकळा. काच ए-फोर आकाराची, चित्र मोठं, त्यामुळे दोन भागांत स्कॅन करून मधली पट्टी एकमेकींवर बसवली. सहाशे डीपीआय, ग्रेस्केल. स्कॅनरच्या यादीत 'ब्लॅक अँड व्हाइट' असाही पर्याय असतो आणि काळ्यापांढऱ्या चित्रासाठी तोच योग्य, असं कुणालाही वाटेल. पण त्यात प्रत्येक ठिपका एक तर पूर्ण काळा होतो, नाही तर पूर्ण पांढरा. रेघेच्या कडेला पायऱ्या पडतात. चित्र स्थिर असताना त्या खपून जातात; हललं की कडेवर मुंग्या चालल्यासारख्या दिसतात. ग्रेस्केलमध्ये कडेला करड्या छटा उरतात आणि रेघ गुळगुळीत राहते. शिवाय गुरुजींचा निब जिथे कोरडा पडला तिथली फिकी रेघही जपली जाते. मी फक्त कागदाचा पिवळेपणा काढून टाकला.

मग हिशेब केला. सहाशे डीपीआयवर चित्र ९००० बाय ६६०० पिक्सेलचं होतं. रंगीत आणि पारदर्शक थर म्हणून उघडलं तर एकेक थर सुमारे २४० एमबी मेमरी खातो. दहा थर केले तर अडीच जीबीच्या आसपास. माझ्याकडे एकूण आठ जीबी, त्यातून विंडोज आपला वाटा आधीच उचलतं. म्हणजे कामाची प्रत तीनशे डीपीआयची ठेवायची. तिथे थराला ६० एमबी पुरतात. सहाशेची मूळ प्रत वेगळ्या ड्राइव्हवर ठेवली.

९ जुलै, बुधवार

पाऊस थांबायचं नाव घेत नाही. वीज येते, जाते. इन्व्हर्टरवर राउटर तेवढा चालू ठेवला आणि पुण्यात अॅनिमेशन शिकणाऱ्या भाच्याला फोन लावला.

"मावशी, आफ्टर इफेक्ट्स घे. पपेट पिन टाकायच्या, मान ओढायची, झालं."

ते झालं असतंही. चित्रावर खिळे ठोकावेत तशा पिना बसवायच्या आणि त्यांतली एक सरकवली की भोवतीचं चित्र ताणलं जातं. पण ते वर्गणीवर मिळतं आणि या कामाचे मला पैसे मिळणार नाहीत. त्याने मग यादी सांगितली, मी पत्रिकेच्या नमुन्यामागे लिहून घेतली. मोहो: कटआउटसाठी नावाजलेलं, हाडांचा सांगाडा घालता येतो, पण विकत. स्पाइन हे खेळ बनवणाऱ्यांचं. लाइव्ह टू-डी जपानी चेहऱ्यांसाठी. फुकटात: ब्लेंडर, क्रिता, सिनफिग, पेन्सिल टू-डी, ओपनटूंझ. मोबाइलवर फ्लिपाक्लिप.

फुकटाला हसू नको, असंही त्याने बजावलं. यंदा मार्चमध्ये सर्वोत्कृष्ट अॅनिमेशनपटाचं ऑस्कर लॅटव्हियाच्या 'फ्लो'ला मिळालं आणि तो अख्खा चित्रपट ब्लेंडरमध्ये बनलेला आहे. एका मांजराची गोष्ट, संवाद नाहीतच.

फोन ठेवायच्या आधी त्याने विचारलं, "पण मावशी, यात नक्की हलवायचं काय आहे?" मी म्हटलं, "सारस." तो म्हणाला, "सारसाचं काय?"

१३ जुलै, रविवार

सगळे जो मार्ग सुचवतात तो आज पाहून घेतला. एका एआयवाल्या साइटवर फोटो टाकायचा, काय व्हायला हवं ते दोन ओळींत लिहायचं, आणि पाच सेकंदांचा व्हिडिओ मिळतो. गुरुजींचं चित्र टाकलं नाही. त्यांना विचारलेलं नाही आणि अटींच्या पानावर फोटोचं पुढे काय होतं ते वाचून समाधान झालं नाही. मीच जेलपेनने त्याच ढंगाचा एक सारस काढला आणि तो टाकला.

व्हिडिओ देखणा आला, हे लिहायलाच हवं. पाणी लहरलं, पंख फुलले. पण रेघा उरल्या नाहीत. जाळीदार छायेचं करडं धुकं झालं, कारण यंत्र माझी रेघ हलवत नव्हतं. प्रत्येक चौकटीत सगळं चित्र नव्याने काढत होतं. कोऱ्या आभाळात ढग आले. डोक्याला तांबूस झाक आली. सारसाचं डोकं लाल असतं हे त्याला कुठूनतरी माहीत होतं आणि मी ते काळं ठेवलंय याची त्याला पर्वा नव्हती.

१६ जुलै, बुधवार

संध्याकाळी गुरुजींकडे गेले. व्हिडिओ दाखवला. चष्मा पुसून दोनदा पाहिला.

"हा सारस नाही, बाई. याचे गुडघे माणसाचे आहेत."

तोवर मी पायांकडे पाहिलंच नव्हतं. पक्ष्याच्या पायात मध्यावर दिसतो तो सांधा आपल्या घोट्याच्या जागेचा. तो मागच्या बाजूला मोडतो. खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. व्हिडिओतला सारस बैठका मारत होता.

मी चित्राच्या दोन झेरॉक्स नेल्या होत्या. एक त्यांच्यापुढे ठेवली आणि काय-काय हलवायचं ते विचारलं. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं आणि जे हलवायचं नाही त्यावर फुल्या मारत सुटले. पाळीवर फुली. सिंदीच्या झाडांवर फुली. आभाळावर मोठी फुली. पायांवर फुली: "बोलवताना तो पाय रोवून उभा राहते." मादीच्या अंगावर फुली, फक्त चोच मोकळी. नराच्या धडावर फुली. उरलं ते नराची मान, त्याचे पंख, मादीची चोच आणि पाण्याच्या काही रेघा.

"एवढंच?" मी विचारलं.

"एवढं नीट करून दाखव."

मग त्यांनी सारसांची साद समजावली. जोडी एकत्र ओरडते तेव्हा प्रत्येक हाकेला नर पंख पाठीवर उचलतो. मादीचे पंख अंगाशी मिटलेलेच राहतात. त्याच्या एका हाकेला तिच्या दोन. नर-मादी दिसायला सारखेच, पण या वेळी लांबूनही ओळखू येतात. चित्र त्याच क्षणाचं आहे. मी इतके दिवस त्याला 'सारसाचा नाच' म्हणत होते.

२० जुलै, रविवार

ओळखीच्या एका शेतकऱ्यासोबत बांधीवर गेले. रोवणा जोरात आहे. बाया चिखलात वाकून पऱ्हे लावतायत आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर जोडी निवांत चरतेय. गावाचं नाव इथे लिहीत नाही. घरट्याचा पत्ता जितक्या कमी वह्यांत असेल तितका बरा. पुरुषभर उंचीचा पक्षी, उडणाऱ्या पाखरांत जगात सगळ्यांत उंच. पाण्यात गवताचा ढीग रचून त्यावर साधारण दोन अंडी, महिनाभर उबवणं. धान आणि अंडी एकाच बांधीत वाढतात. शेतकऱ्याने हात आखडला तर घरटं राहतं.

महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः आमच्या गोंदिया जिल्ह्यात आणि थोडाफार शेजारच्या भंडाऱ्यात. तोही डझनांच्या हिशेबात. पलीकडे बालाघाट, मध्य प्रदेश. मधली नदी सारसाला सरहद्द वाटत नाही. विजेच्या तारा, कीटकनाशकं, आटत चाललेले तलाव ही कारणं सगळ्यांना पाठ आहेत. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हा विषय स्वतःहून हाती घेतला होता.

गेल्या महिन्यात सोलापुरात मारुती चितमपल्ली गेले. नवेगावबांधला वनाधिकारी असताना तिथल्या माधवराव पाटलांसारख्या जाणत्या माणसांबरोबर हिंडून त्यांनी तलावावरची पाखरं मराठीत आणली. आज बांधावर उभी राहून मोबाइलवर सारसाचे पाय टिपताना त्यांची आठवण झाली. पाहायला ते शिकवत. मी पाहत होते मानेचं मूळ. मान हलते तेव्हा ती खांद्यातून दांडीसारखी फिरत नाही. आधी बुंध्याशी वळते, मग वळण वर सरकत जातं, चोच सगळ्यांत शेवटी पोचते. कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये नुसतं फिरवून हे होणार नाही.

२७ जुलै, रविवार

सॉफ्टवेअरचा दिवस. प्रत्येकाला एकच काम दिलं: नराचा पंख कागदातून सोडव आणि उचल.

इथे खरी अडचण कळली. काळी शाई थर म्हणून वेगळी करणं सोपं आहे. 'मल्टिप्लाय' नावाची पद्धत प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. तिच्यात पांढरं गळून पडतं आणि काळं तेवढं खालच्या चित्रावर बसतं. तसं केलं, आणि सारसाच्या अंगातून पाळीच्या रेघा आरपार दिसायला लागल्या. कारण सारसाचं अंग म्हणजे तरी काय? बाह्यरेषा, थोडी जाळी आणि बाकी कोरा कागद. आभाळ कोरा कागद, पाणी कोरा कागद, पक्षीही कोरा कागद. बघणाऱ्याला कळतं हे पांढरं पक्ष्याचं आणि ते पांढरं आभाळाचं. कॉम्प्युटरच्या लेखी दोन्ही एकच. रंगीत चित्रात निळं आभाळ आणि करडा पक्षी आपसूक वेगळे होतात. काळ्यापांढऱ्यात प्रत्येक पांढऱ्याचा मालक माणसाने हाताने सांगावा लागतो.

ते सांगायची सोय कुठे बरी, या कसोटीवर यादी चाळली.

ब्लेंडर: प्रत्येक तुकडा त्रिमित जागेत पुठ्ठ्यासारखा उभा करता येतो. कॅमेरा तुकड्यांमधून फिरवायचा असेल तर त्याला तोड नाही. पण मला कॅमेरा पाळीमागे न्यायचाच नाही, आणि माझं ग्राफिक्स कार्ड जुनं.

सिनफिग: दोन अवस्था दिल्या की मधल्या स्वतः भरतं. त्याचा जीव व्हेक्टरमध्ये आहे. निबची रेघ व्हेक्टर केली की तिचा कोरडेपणा गुळगुळीत होऊन जातो. लोगो किंवा ठसठशीत आकृती असती तर हेच निवडलं असतं.

पेन्सिल टू-डी: साधं, शाळेत मुलांना शिकवायला उत्तम. तुकडे सांध्यावर जोडायचं काम त्याचं नाही.

क्रिता: चित्रकारांनी चित्रकारांसाठी केलेलं. थर कापणं, मास्क, मागची जागा भरणं, आधीची चौकट फिकी दिसत असताना पुढची काढणं, सगळं हाताला लागतं. पांढऱ्याचा मालक सांगायला सगळ्यांत सोयीचं.

ओपनटूंझ: मूळ इटलीचं टूंझ. जपानच्या जिब्ली स्टुडिओने 'प्रिन्सेस मोनोनोके'पासून, म्हणजे १९९७च्या चित्रपटापासून ते वापरलं. २०१६ मध्ये ते सगळ्यांसाठी खुलं झालं. ते घडलंच कागदावरची पेन्सिल-रेघ स्कॅन करून घेणाऱ्या लोकांच्या टेबलावर. पडद्यावर एक उभा तक्ता असतो, एक्सशीट: ओळ म्हणजे चौकट, रकाना म्हणजे थर. कोणत्या चौकटीला कोणतं चित्र, हे हिशेबाच्या वहीसारखं समोर लिहिलेलं. तुकड्याचा फिरण्याचा बिंदू ठरवता येतो, एक तुकडा दुसऱ्याला टांगता येतो.

३ ऑगस्ट, रविवार

ठरलं. क्रितात कापायचं, ओपनटूंझमध्ये हलवायचं. भाचा म्हणाला, "एकाच सॉफ्टवेअरमध्ये का नाही?" गुरुजीही एकाच निबने सगळं काढत नाहीत.

पंख कापून बाजूला केला की त्यामागे भोक राहतं. तिथे पाळीचा तुकडा आणि पाठीची रेघ हवी, पण गुरुजींनी ती कधी काढलीच नव्हती, पंखाआड होती. आसपासच्या रेघा बघून अंदाजाने जागा भरणारी हत्यारं आहेत. गवत किंवा वाळू असती तर त्यांच्यावर सोपवलं असतं. मी त्या भागाची मोठी प्रिंट फिक्या निळ्या रंगात काढली, कागद तोच जाड घेतला आणि गुरुजींकडे नेली. त्यांनी त्याच निबने मागची पाळ, पाठ आणि मानेमागचं पाणी काढून दिलं. स्कॅन केल्यावर निळं गाळून टाकलं, शाई उरली. जोड कुठे आहे ते आता मलाही शोधावं लागतं.

गुरुजी मात्र खूश. पंखामागे काय होतं ते त्यांनीही आजच पाहिलं, म्हणाले.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदनानंतर शाळेत थोडा वेळ बसले. मॅडमनी मुलांना सांगून टाकलं की ताई चित्र चालवणार आहेत. एकाने विचारलं, "टीव्ही यायच्या आधी चित्रं चालत नव्हती?"

चालत होती. कल्याणच्या महादेव पटवर्धनांनी १८९२च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' दाखवायला सुरुवात केली. काचेवर हाताने रंगवलेली चित्रं कंदिलाच्या उजेडाने पडद्यावर मोठी करून हलवायची. दादासाहेब फाळक्यांनी 'आगकाड्यांची मौज'मध्ये काड्या एकेक चौकट सरकवून नाचवल्या. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे चित्रकथी तर चित्र हातात धरतात, ते जागचं हलत नाही. गोष्ट आणि गाणं पुढे सरकतं आणि बघणाऱ्याला युद्ध दिसतं. जर्मनीत लोटे रायनिगरने १९२६ मध्ये पूर्ण लांबीचा 'प्रिन्स आखमेद' काळ्या पुठ्ठ्याच्या आकृत्या सांध्यांवर तारेने जोडून केला. तिने पांढऱ्याचा प्रश्न मुळातच सोडवला होता: आकृतीच्या आत पांढरं ठेवलंच नाही.

मुलांना यातलं सगळं सांगितलं नाही. त्यांना आपल्या झाडीपट्टीच्या नाटकाचा रंगवलेला पडदा आठवायला सांगितला. राजवाड्याचा किंवा जंगलाचा पडदा रात्रभर जागचा हलत नाही, म्हणून त्याच्यापुढे नट हललेला दिसतो. पडद्यावरची झाडंही डोलायला लागली तर नटाकडे कोण पाहील? मुलांना पटलं. गुरुजींच्या फुल्यांचा अर्थ मलाही तेव्हाच नीट सांगता आला.

२४ ऑगस्ट, रविवार

पोळा झाला. शुभेच्छांच्या फ्लेक्सवर नेत्यांचे चेहरे कापून-कापून हात कापण्यात तरबेज झालाय. तो सारसाच्या पिसांना कामी आला.

पंख सुटसुटीत निघाला. खांद्यावर बिंदू, थोडं फिरवणं, थोडं थांबणं, परत खाली. कडक तुकडा असल्यामुळे त्यावरची जाळी जशीच्या तशी राहते. फिरवलं की रेघ किंचित मऊ होते, म्हणून मोठ्या आकारात काम करून शेवटी लहान करायचं.

मानेसाठी ओपनटूंझमधलं प्लास्टिक नावाचं हत्यार वापरून पाहिलं. चित्रावर जाळं पसरायचं आणि ते ओढून वाकवायचं. वळणं बरोबर येतात, पण छाया बिघडते. मानेची गोलाई गुरुजींनी रेघांच्या दाटीने दाखवली आहे. मान वाकवली की बाहेरच्या बाजूच्या रेघा फाकतात, ती बाजू उजळते; आतल्या बाजूला रेघा गर्दी करतात, ती काळी पडते. रंगीत चित्रात ताणलेला लाल लालच राहतो. इथे छटा म्हणजेच रेघांमधलं अंतर; ताणलं की उजेडच बदलला. डोक्यावर तर लाल रंगाच्या जागी गुरुजींनी चौफुली जाळी घातलीय. ती ताणली की सारसाचं टक्कल पडल्यासारखं दिसतं.

त्यामुळे मानेला सॉफ्टवेअर नाही, निब. मानेच्या पाच अवस्था गुरुजी काढणार. मी मधल्या मुद्रांचं निळं टाचण देते, बांधीवरच्या मोबाइल व्हिडिओवरून. एक्सशीटमध्ये त्या पाच मागे-पुढे, कमी-जास्त वेळ धरून बसवायच्या. एका सेकंदाला २४ चौकटी, प्रत्येक चित्र किमान दोन चौकटी टिकणारं. बुंध्याची वळणं पटपट, चोच वर पोचली की लांब थांबा.

७ सप्टेंबर, रविवार

सादेचा हिशेब एक्सशीटवर उतरला. नराचा रकाना आणि मादीचा रकाना शेजारी-शेजारी. त्याची एक हाक, पंख वर. तेवढ्या वेळात तिची चोच दोनदा उघडते. तिच्यासाठी दोनच चित्रं लागली, चोच मिटलेली आणि उघडी. आवाज झेनो-कॅन्टोवरून घेतला. तिथे जगभरचे लोक पाखरांचे आवाज ठेवतात. प्रत्येकाखाली परवाना लिहिलेला असतो, तो वाचून ध्वनिमुद्रण करणाऱ्याचं नाव शेवटच्या पाटीवर टाकलं.

पाण्याच्या रेघांचे तीन संच आळीपाळीने येतात. आधी सगळं पाणी हलवलं होतं. गुरुजींनी पायाजवळचं ठेवून बाकीचं बंद करायला लावलं.

कॅमेऱ्याचंही ठरलं. टीव्ही रुंद आणि बुटका, चित्र त्या मानाने उंच. पायांपासून सुरू करून हळू वर जायचं आणि मागे येत थांबायचं. पण पूर्ण चित्र एकदम दाखवायचं नाही. निबची रेघ साधारण ०.३ मिलिमीटरची, पंधरा इंच रुंदी १९२० पिक्सेलांत कोंबली तर तिच्या वाट्याला दीड पिक्सेल येतो आणि जाळी लुकलुकायला लागते. दोन तृतीयांश रुंदी दाखवली तर सव्वादोन पिक्सेल मिळतात. तेवढ्यात रेघ टिकते.

ओपनटूंझमधून एकेक चौकट पीएनजी म्हणून काढली, एफएफएमपेग या प्रोग्रॅमने जोडली. काळ्यापांढऱ्याचा इथे एक फायदा आहे: नेहमीचा एमपी-फोर रंगाचा तपशील पातळ करतो, उजेड-अंधाराचा पूर्ण ठेवतो, आपल्याकडे रंग नाहीच. तोटा असा की फाइल फार दाबली की बारीक रेघांचाच सर्वांत आधी लगदा होतो. म्हणून फाइल जड ठेवली आणि पेनड्राइव्हवर दिली. मॅडमना बजावलं, व्हॉट्सअॅपवर पाठवायचं तर डॉक्युमेंट म्हणून, व्हिडिओ म्हणून नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

सकाळची शाळा. वर्गात मुलं खाली, पालक भिंतीला टेकून. गुरुजी खुर्चीत. दीड मिनिट म्हणजे काही फार नाही. मुलांनी पुन्हा, पुन्हा लावायला लावलं.

एका मुलीने विचारलं, "याचं डोकं लाल का नाही?"

"लाल पाहायचं तर बांधीवर जाजो," गुरुजी म्हणाले.

मागून एक शेतकरी म्हणाला, "मादी दोनदा ओरडते ते बरोबर धरलं. माझ्या बांधीत रोज ऐकतो." त्यावर दुसऱ्याने त्याच्या बांधीत यंदा घरटं होतं का ते विचारलं, आणि चर्चा घरट्याभोवतीचा धान कापायचा की तेवढा तुकडा सोडायचा, सोडला तर भरपाई कोण देणार, यावर गेली. मॅडमनी टीव्ही बंद केला आणि ते बोलणं चालू दिलं. व्हिडिओ त्यासाठीच हवा होता.

७ ऑक्टोबर, मंगळवार

देवरीकडच्या एका मुलाचा मेसेज. कचारगडच्या गुहेचं त्याने कोळशाने मोठं चित्र काढलंय, ते हलवायचंय. "मॅडम, कोणतं सॉफ्टवेअर वापरू?"

ओपनटूंझ लिहायला घेतलं होतं, मग खोडलं. कोळशाच्या चित्रात रेघ नाही, डाग आहे. तो कात्रीने कापायचा कुठून? दक्षिण आफ्रिकेचे विल्यम केंट्रिज कोळशाचं एकच चित्र थोडं पुसतात, थोडं काढतात आणि दर वेळी कॅमेऱ्याने एक चौकट टिपतात. पुसल्याची खूण कागदावर उरते आणि तीही गोष्टीचा भाग होते. या पोराला कदाचित तोच मार्ग लागेल.

त्याला लिहिलं: आधी चित्राची झेरॉक्स काढ. जे हलणार नाही त्यावर लाल पेनाने फुली मार. जिथे कागद कोरा आहे तिथे तो कोणाचा ते लिही, दगडाचा, उजेडाचा की आभाळाचा. त्याचा फोटो पाठव, मग सॉफ्टवेअर सांगते. मोबाइल घट्ट धरणारा स्टँड आणि चांगला खोडरबर मात्र आजच आणून ठेव. बहुतेक तेवढ्यातच भागेल.